वाचकांचे प्रश्न : मुंबई ते न्यूयॉर्क, अंतर आणि वेळ

प्रश्न : माझी मुलगी न्यूयॉर्कला असते. तिच्याकडे जाण्याच्या तिकिटावर निघण्याची वेळ पहाटे २ आणि पोहोचण्याची त्याच दिवशी सकाळी ७.३० अशी आहे. परतताना मात्र सकाळी ११ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबई. एकाच अंतराला साडेपाच तास आणि पंचवीस तास कसे? विमान थेट पश्चिमेला न जाता उत्तरेकडे का वळते? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे छापलेल्या आहेत. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, म्हणून जाताना साडेपाचमध्ये साडेदहा मिळवावेत, म्हणजे १६ तास होतात. येताना पंचवीसमधून तेवढेच वजा करावेत, म्हणजे साडेचौदा उरतात. हा खरा प्रवासकाळ असून त्यात धावपट्टीपर्यंत जाण्यायेण्याचा वेळही धरलेला असतो.

जाण्यायेण्यात उरणारा दीड तासाचा फरक मुख्यतः वाऱ्यामुळे पडतो. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचे पट्टे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. सुमारे ९०० किलोमीटर वेगाच्या विमानाला अमेरिकेकडे जाताना हा वारा अडवतो आणि परतताना पुढे रेटतो.

उत्तरेकडच्या वळणाचे कारण पृथ्वीच्या गोलाईत आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टीने रेघ ओढली, तर ती वाट सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. पृथ्वीगोलावर याच दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो कच्छ, सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, रशिया, नॉर्वे आणि आइसलंडवरून जाऊन ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडात उतरतो आणि ते अंतर सुमारे १२,५३० किलोमीटरच येते. घरी पृथ्वीगोल असेल तर हा प्रयोग अवश्य करून पाहावा, कारण सपाट नकाशाने डोळ्यांना लावलेली सवय शब्दांनी सुटत नाही.

विमानाला मात्र हा दोरा तंतोतंत धरता येत नाही. प्रत्येक देशाचा आपल्या आकाशावर हक्क असतो. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तर रशियाने २०२२ पासून अमेरिकी विमानांना मज्जाव केला आहे. त्यामुळे कोणत्या देशाच्या कंपनीचे तिकीट आहे, यावरही वाट लांबते आणि वेळ वाढतो. म्हणून केवळ अंतराला वेगाने भागून काढलेल्या चौदा तासांवर भिस्त ठेवू नये आणि पुढचे विमान पकडायचे असल्यास मध्ये भरपूर अवकाश ठेवावा.

मार्चच्या दुसऱ्या रविवारापासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारापर्यंत तिकडची घड्याळे एक तास पुढे असतात, तेव्हा वरच्या हिशेबात साडेदहाऐवजी साडेनऊ तास धरावेत.