ताई, संध्याकाळी ह्याला होतं तरी काय?

या महिन्याची पत्रं वाचताना गंमत वाटली. तक्रारी वेगवेगळ्या, पण वेळ सगळ्यांनी एकच लिहिली आहे: दिवेलागणीची. दिवस आखडू लागतात, झाडं पिवळी पडतात आणि घराघरांत किरकिर वाढते. ३० वर्षं बालवाडीत काढल्यावर मला त्याचं नवल राहिलेलं नाही. मी डॉक्टर नाही हे नेहमीप्रमाणे आधीच सांगते. जिथे त्यांचं काम आहे तिथे तसं लिहिलं आहे.

प्रश्न: ताई, मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. उन्हाळाभर शहाण्यासारखा होता. आता गेले तीन आठवडे संध्याकाळचे साडेपाच वाजले की अंगात आल्यासारखा करतो. काल मोजा उलटा घातला गेला म्हणून अर्धा तास रडला. रात्री मात्र दहा वाजले तरी टक्क जागा. मी कामावरून दमून येते आणि मग ओरडते. मी कुठे कमी पडते आहे का? (एक दमलेली आई)

अहो, कुठेही नाही. तुम्ही रोज घरी येता त्या वेळेलाच उजेड घर सोडून जातो आहे, एवढंच झालंय.

उत्तर गोलार्धात २२-२३ सप्टेंबरच्या सुमाराला दिवस आणि रात्र सारखी होतात आणि मग रात्र पुढे निघते. विषुववृत्तापासून जितकं लांब, तितक्या झपाट्याने. २० अक्षांशाच्या आसपास दिवस रोज जेमतेम मिनिटभराने आखडतो. ५० अक्षांशावर तेच रोज साडेतीन ते चार मिनिटं होतं. म्हणजे तिथे तीन आठवड्यांत तासाहून जास्त उजेड गेला. मोठी माणसं घड्याळ बघून चालतात म्हणून त्यांना ते जाणवत नाही. तुमच्या मुलाला घड्याळ कळत नाही, त्याला खिडकी कळते. उन्हाळ्यात तुम्ही घरी आल्यावर तो तासभर बाहेर पळायचा. आता तुम्ही दार उघडता तेव्हा बाहेर काळोख असतो आणि तो तासभराचा दम तसाच अंगात राहतो. भूक असते, दिवसभराचा शीण असतो, आणि आई दिसली की धरून ठेवलेलं सगळं सुटतं. बालवाडीत दिवसभर गुणी वागलेलं पोर दारात आईला बघून भोकाड पसरतं, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. ज्या माणसापाशी रडलं तरी चालतं, त्याच्याचपाशी मूल रडतं.

आता करायचं काय? जो बाहेरचा तास संध्याकाळी हरवला, तो सकाळी मिळतो का बघा. दहा-पंधरा मिनिटं मिळाली तरी चालतील. पाळणाघराकडे जाताना चालत जा, वाटेतला प्रत्येक दगड त्याला उचलू द्या. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की रात्रीची झोपही वेळेवर येते, कारण शरीराचं आतलं घड्याळ त्यावरच लागतं.

घरात शिरल्यावर आधी त्याच्या हातात खायला काहीतरी द्या आणि खांद्यावरची पर्स न काढता त्याच्या शेजारी जमिनीवर बसा. दहा मिनिटं. चूल, फोन, कपडे, सगळं नंतर. माझी ही युक्ती ऐकून एका आईने मला वेड्यात काढलं होतं, 'ताई, माझ्याकडे दहा मिनिटं असती तर पत्र कशाला लिहिलं असतं!' पण तिने करून पाहिलं. पुढची चाळीस मिनिटं वाचली म्हणाली.

दहा वाजता टक्क जागा राहण्याचं कारण मात्र बहुतेक तुमच्या छतावर आहे. अंधार पडला की शरीरात मेलाटोनिन नावाचं झोपेचं संप्रेरक वाढतं आणि प्रखर उजेड त्याला दाबतो. लहान मुलांत तर फारच. कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली ३ ते ५ वर्षांच्या मुलांना झोपेआधी तासभर लख्ख उजेडात खेळवलं, तर त्यांचं मेलाटोनिन ८५ टक्क्यांहून जास्त उतरलं, आणि दिवे मंद केल्यावरही पाऊण तास वर यायला तयार नव्हतं. मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती, पण मला ते वाचून आश्चर्य वाटलं नाही. बाहेर लवकर अंधारतं म्हणून आपण घरातले सगळे दिवे लावतो आणि मग म्हणतो, हा झोपत का नाही? जेवण झालं की मोठा दिवा बंद, कोपऱ्यातला छोटा चालू. पडदेवाली खेळणी, म्हणजे टीव्ही आणि फोनसुद्धा, त्याच वेळी बंद.

आणि पाळणाघरात दुपारी किती झोपवतात ते विचारा. या वयाला दुपारची डुलकी धरून दिवसाला १० ते १३ तास झोप लागते. साडेचारपर्यंत घोरत असेल, तर रात्री दहाचं कोडं तिथेच सुटलं.

मोजा उलटाच राहू द्या.

प्रश्न: आमच्या इथे शरदात घड्याळ एक तास मागे घेतात. गेल्या वर्षी जुळी पहाटे साडेचारला उठून बसली होती, पंधरा दिवस. यंदा काही उपाय? (जुळ्यांचा बाबा)

आहे, पण तो त्या रविवारच्या आधी करायचा. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिकेच्या बहुतेक भागांत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी काटे मागे जातात. तुमच्याकडे जो रविवार असेल त्याच्या पाच-सहा दिवस आधीपासून जेवण, आंघोळ, गोष्ट, झोप हे सगळं रोज १० मिनिटांनी पुढे ढकला. झोपच फक्त ढकललीत तर फसेल, पोटही सोबत ढकललं पाहिजे. झोपायच्या खोलीचा पडदा जाड लावा. आणि साडेचारला उठलीच, तर खोलीत अंधार ठेवून, कंटाळवाण्या आवाजात बोला. त्या वेळी तुम्ही मजेशीर वाटलात की संपलं, उद्या पुन्हा साडेचार.

प्रश्न: मुलगी अडीच वर्षांची. दोन महिन्यांपूर्वी पाळणाघर सुरू केलं आणि तेव्हापासून नाक वाहायचं थांबलेलंच नाही. एक सर्दी संपते न संपते तोच दुसरी. सासूबाई म्हणतात, गार वाऱ्यात नेतेस, टोपी घालत नाहीस म्हणून. नवरा म्हणतो, प्रतिकारशक्ती कमी आहे, टॉनिक दे. शेंबूड आता हिरवा झाला आहे. अँटिबायोटिक लागेल का? (गोंधळलेली)

दोघांनाही माझा नमस्कार सांगा आणि पुढचं स्वतःच वाचा.

पाळणाघरात नव्याने जाणाऱ्या मुलाला वर्षात आठ-दहा सर्द्या होणं हे अगदी नेहमीचं आहे. एकेक सर्दी सात ते दहा दिवस, खोकला तर दोन-तीन आठवडे मागे रेंगाळतो. मांडा हिशोब. शरदात त्या एकापाठोपाठ एक येतात, म्हणून न संपणारी एकच सर्दी वाटते. सर्दीचे विषाणू २०० हून जास्त आहेत, त्यातला सगळ्यात मोठा गोतावळा ऱ्हायनोव्हायरसचा, आणि त्याची भरती उन्हाळ्याची सुट्टी संपून मुलं पुन्हा एकत्र आली की येते. एका खोलीत पंधरा मुलं, एकच खेळण्यातला हत्ती, आणि तो हत्ती प्रत्येकाच्या तोंडात. तुमच्या मुलीची प्रतिकारशक्ती कमी नाही. ती ओळखी करून घेते आहे. टॉनिकचे पैसे वाचवा.

वाऱ्याने विषाणू येत नाही. टोपी ऊब म्हणून घाला, ती विषाणू अडवत नाही. मोकळ्या हवेत खेळणाऱ्या मुलांना उलट एकमेकांच्या खोकल्यापासून अंतर मिळतं. उपयोग होतो तो हात धुण्याचा: साबण, २० सेकंद, घरात शिरल्याबरोबर, मोठ्यांनीसुद्धा.

हिरव्या शेंबडावरून अँटिबायोटिक ठरत नाही. सर्दी दोन-तीन दिवसांची झाली की तो आपोआप घट्ट आणि हिरवा होतो. विषाणूवर अँटिबायोटिक चालतही नाही. खोकल्याची दुकानातली औषधं या वयाला स्वतःच्या मनाने देऊ नका, आणि तापासाठी ॲस्पिरिन तर मुळीच नाही. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, भरपूर पाणी, उशाशी तुम्ही.

डॉक्टरकडे कधी पळायचं ते मात्र पाठ करून ठेवा. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, तर लगेच. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा: १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त, आणि २ महिने ते १ वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त भरले तर थांबू नका. पाणीच पीत नसेल, लघवी कमी झाली असेल, उठवूनही सुस्त पडत असेल, कान धरून रडत असेल तरी दाखवा. आणि घरात ३ महिन्यांच्या आतलं तान्हं असेल, तर त्याला ३८ अंश सेल्सियस ताप आला की रात्र आहे, सुट्टी आहे, असलं काही बघायचं नाही.

सासूबाईंशी टोपीवरून वाद घालू नका. टोपी घाला. तेवढ्याने घरात शांतता येत असेल तर ती स्वस्त आहे.

प्रश्न: पाच वर्षांची मुलगी रोज खिसे भरभरून पानं आणते. घरभर चुरा. टाकायला गेलो तर रडते, म्हणते 'ती मेलेली आहेत, त्यांना बाहेर एकटं नको.' काल विचारलं, झाड पण मरणार का? मी 'नाही गं' म्हणून विषय बदलला. चुकलं का? (पानांनी गांजलेला बाबा)

विषय बदललात हे माझ्यापेक्षा बरं केलंत. माझी चूक ऐका. बालवाडीत पहिल्याच वर्षी एका मुलाने हाच प्रश्न विचारला आणि मी ऐटीत सांगितलं, 'झाड म्हातारं झालं की त्याची पानं गळतात.' तो घरी गेला, टक्कल पडलेल्या आजोबांकडे बघितलं आणि रात्रभर रडला. दुसऱ्या दिवशी आजोबा स्वतः शाळेत आले, टोपी काढून म्हणाले, 'बाई, आता तुम्हीच समजवा त्याला.' तेव्हापासून झाडाबद्दल खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलं. 'झाड झोपलं' हेही मी सांगत नाही. झोपेला घाबरणारं एखादं पोर वर्गात असतंच.

खरी गोष्टच जास्त चांगली आहे. झाडालाही खिडकी कळते. दिवस आखडले, गारठा आला की त्याला समजतं, आता उजेड कमी मिळणार, पानांचा खर्च परवडणार नाही. मग ते पानांतला कामाचा माल, विशेषतः नत्र, खोडात आणि फांद्यांत परत ओढून घेतं. हिरवं हरितद्रव्य मोडतं आणि त्याच्यामागे उन्हाळाभर लपलेला पिवळा रंग दिसायला लागतो. पिवळा नवा नसतो, होताच. लाल मात्र बरीच झाडं याच दिवसांत नव्याने बनवतात. हा भाग मुलांना फार आवडतो. मग देठाच्या बुडाशी झाड एक पातळ थर तयार करतं, तिथे जोड सैल होतो आणि वाऱ्याने पान सुटतं. पाडण्याची सगळी तयारी झाडाची असते, वारा फक्त धक्का देतो.

आता तिला झाडापाशी घेऊन जा. पान पडलं तिथे, अगदी त्याच जागेच्या वर, एक बारीक घट्ट डोळा दिसेल. तो पुढच्या वसंताचा अंकुर. बहुतेक झाडांवर तो उन्हाळ्यातच बनून तयार असतो, पान पडण्याच्या कितीतरी आधी. 'झाड मरणार का' याचं उत्तर तिने बोटाने चाचपून बघू दे. पान मेलं हे मात्र मान्य करा, मुलं तेवढं सत्य पेलतात. शब्द मऊ करायला जाऊन आपणच त्यांना घाबरवतो.

राहिला चुऱ्याचा प्रश्न. एक खोकं ठरवा. मावतील तेवढी पानं तिची, नवं आणायचं तर जुनं एक परत झाडाखाली ठेवून यायचं. एकटं नको असेल तर बाकीच्यांच्या ढिगात, सोबतीला. ओली पानं खोक्यात घालू नका, बुरशी येते. आधी झटका, म्हणजे किडे बाहेरच राहतील, मग दोन कागदांच्या मध्ये जाड पुस्तकाखाली आठ-दहा दिवस दाबा. पहिल्या दोन दिवसांत कागद बदला. घरात रांगतं बाळ असेल तर बिया आणि टणक फळं उंचावर ठेवा, ती घशात अडकतात.

शेवटचं पत्र सहा वर्षांच्या वाचकाचं आहे, आईने लिहून घेतलेलं: 'ताई, पान पडताना झाडाला दुखतं का?'

नाही रे. आपल्याला दुखतं ते नसांमुळे कळतं, झाडाला तसल्या नसा नाहीत. आणि पान पडायच्या आधी झाडाने ती जागा आतून बंद करायला घेतलेली असते, तुझ्या गुडघ्यावर खपली धरते ना, तशी. आज एक मोठं पान उचल आणि देठाचं खालचं टोक बघ, किती गुळगुळीत आहे. मग त्याच झाडाच्या फांदीवर त्या टोकाच्या आकाराचा डाग शोध. त्यात बारीक ठिपके दिसतील, पानाला पाणी पोचवणाऱ्या नळ्या तिथून जायच्या. काही झाडांवर तो डाग घोड्याच्या नालेसारखा असतो, खिळ्यांसकट. तुला कुठल्या आकाराचा सापडला ते चित्र काढून पाठव. या वेळी आईला हात लावू देऊ नकोस.