मालवणला शेफ-मालकाच्या हॉटेलात एकदा अप्रतिम मासे मिळाले, दुसऱ्यांदा पैसे वाया गेले. तिसऱ्यांदा जावं का?

जा. पण आठवड्याच्या मधल्या वारी जा आणि मेनूकार्ड उघडायच्या आधी "आज काय ताजं घेतलंत?" एवढं विचारा. मालक उत्तर द्यायला घुटमळला तर सोलकढी पिऊन उठा.

तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना, कारण याच गोष्टीवरून आमच्या घरात वर्षानुवर्षं वाद चाललाय. माझ्या आईची मालवणात खानावळ होती. चार टेबलं आणि दारात एक पाटी. किनाऱ्यावरच्या लिलावातून आई परत आली की पाटीवर त्या दिवसाचे मासे लिहायची. कधी कधी नुसतं 'बांगडा, तारली' एवढंच. गाडी भरून आलेली माणसं सुरमईच मागायची. आई पदराला हात पुसत सांगायची, "आज सुरमय नाय. बांगडे आसत. खावचे तर बसा." निम्मे लोक तसेच निघून जायचे. दादा तेव्हा कॉलेजात होता, तो भयंकर चिडायचा. दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवून कुठे धंदा होतो का, चार किलो सुरमई बर्फात घालून ठेव, असं त्याचं म्हणणं. आईने शेवटपर्यंत ठेवली नाही.

दोन वर्षांपूर्वी तुमच्यासारखाच अनुभव मला आला. मुंबईच्या मोठ्या हॉटेलात नोकरी करून परत आलेल्या एका शेफने समुद्राजवळ स्वतःचं हॉटेल काढलंय. ऑक्टोबरातल्या एका बुधवारी मी तिथे बांगड्याचं तिखलं, म्हणजे दाटसर तिखट कालवण, खाल्लं. तिरफळं (माशाच्या कालवणातला कोकणी मसाला) बिया काढून, नुसती ठेचून वरून टाकलेली. वाटून घातली की कडवटपणा येतो, हे त्याला ठाऊक होतं. बांगड्याचं मांस काट्यावरून अख्ख्या पाकळीसारखं सुटत होतं. इतकं खूश होऊन आले की डिसेंबरात आई, दादा आणि वहिनीला हट्टाने तिथेच घेऊन गेले.

तारीख 28 डिसेंबर. बाहेर गाड्यांची रांग. आम्ही सुरमई फ्राय मागवली. आईने तुकडी हातात घेतली, अंगठ्याने मधल्या काट्याजवळ दाबली, तर मांस भुग्यासारखं पडलं. तिने ताट बाजूला सारलं आणि मुकाट्याने वरणभात खाल्ला. सोलकढी फुटलेली होती, सकाळी काढलेलं नारळाचं दूध रात्रीपर्यंत कसं टिकणार?

दादा म्हणाला, "शेफ आज आत नसणार. हात बदलला की चव बदलते." मी हात धुवायला गेले तेव्हा आत डोकावलं. तोच माणूस, घामाने निथळत, तव्यासमोर उभा होता. रवाही तोच, मसालाही तोच. बदलला होता फक्त मासा. निघताना मी त्याला विचारलंच. त्याने खोटं सांगितलं नाही. दोन दिवस वारा होता, होड्या फारशा गेल्या नव्हत्या आणि हॉटेल तर भरलेलं. "ताई, कार्डावर सुरमई आहे, नाही म्हटलं तर लोक उठून जातात." मग बाहेरगावाहून बर्फातली आणली.

माझं मत सरळ आहे. मालक चुलीशी उभा आहे की नाही याने फार फरक पडत नाही. तो लिलावाला स्वतः जातो का, आणि कल्ला उचलून मासा नाकारतो का, ते बघा. नाताळात गिऱ्हाईक तिप्पट झालं म्हणून समुद्र तिप्पट देत नाही. यात खाणाऱ्यांचाही दोष आहे. मालवणला येऊन सुरमई, पापलेट आणि कोळंबीपलीकडे बघायचं नाही आणि मग शिळं मिळालं म्हणून ओरडायचं, हे मला पटत नाही. सौंदाळे, मुडदुसे, कर्ली, मोरीचं मटण (म्हणजे लहान शार्कचं कालवण), तिसऱ्या (शिंपले) मागा. काट्यांची भीती वाटत असेल तर मोरी घ्या.

हा फक्त चवीचा मामला नाही. बांगडा, सुरमई नीट थंड न ठेवता पडून राहिली तर तिच्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून किंवा तळून जात नाही. तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. पुष्कळ लोक ती माशाची ॲलर्जी समजतात. घास जिभेला चरचरला तर पुढचा खाऊ नका.

एक मात्र सांगायला हवं, बर्फातला मासा म्हणजे वाईट असं नाही. जाळ्यातून काढल्या काढल्या बर्फात गेला तर तो उन्हात पडलेल्या 'ताज्या'पेक्षा चांगला. शिवाय 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, तेव्हा सुरमईची अपेक्षाच धरू नका, खाडीतले मासे, कुर्ल्या, नाहीतर सुकट खा. आणि त्या शेफच्या हाताला चव आहे, हे मी कधीच नाकारणार नाही. म्हणून तर पुन्हा जा म्हणतेय.

दादा, तू हे वाचशीलच. आई गिऱ्हाईक परत पाठवायची ते तू मोजलंस. परत पाठवलेले लोक दुसऱ्या दिवशी "आज काय आसा?" विचारत यायचे, ते मोजलं नाहीस. गल्ल्यावर मी बसायचे, मला आकडे माहीत आहेत. तुझी चारही वर्षांची फी त्याच गल्ल्यातून गेली.