बाल्साच्या मॉडेल विमानाची फिल्म सैल पडली आहे, पूर्ण काढून नवी चढवू का?

नका काढू. ही फिल्म म्हणजे बाल्साच्या हलक्या लाकडी सांगाड्यावर इस्त्रीने चिकटवलेलं, उष्णतेने आकसणारं प्लास्टिक. तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात सांगलीच्या उन्हात विमान बंद गाडीत राहिलं, पंखावर रिबांच्या (पंखाला आकार देणाऱ्या लाकडी पट्ट्यांच्या) मधे सुरकुत्या पडल्या आणि ट्रेलिंग एजला, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला, फिल्म सुटलीय. एवढ्याने फिल्म वाया जात नाही. उन्हाने कडेचा गोंद मऊ पडतो आणि ताणलेली फिल्म जागची सरकते, म्हणून मधे ढिलाई दिसते.

आधी कड, मग मधला भाग. हा क्रम सोडू नका. सुरकुती दिसली की हात हीट गनकडे (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राकडे) जातो, पण सुटलेल्या कडेसकट फिल्म आकसली तर कड आत ओढली जाते आणि तिथलं लाकूड उघडं पडतं. मग ठिगळाशिवाय इलाज नाही.

गोंद साधारण १०० अंश सेल्सिअसला धरतो. फिल्म नीट आकसायला १५० च्या आसपास लागतात. कंपनीगणिक आकडे बदलतात, त्यामुळे रोलसोबतचा कागद बघा. कागद नसेल किंवा घरचीच इस्त्री वापरत असाल, तर टाकाऊ बाल्साच्या तुकड्यावर अंदाज घ्या: फिल्म चिकटतेय पण आकसत नाही, ती खूण कडेसाठी.

कड लावण्याआधी इंजिनाचं तेल लागलं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. तेलावर गोंद धरत नाही. मग कमी आचेवर कडा आणि आयलरॉनच्या (पंखाच्या मागच्या हलत्या झडपेच्या) फटी दाबत जा. गरम असतानाच जुन्या बनियनच्या कापडाने दाबून धरा, निवता निवता पकड बसते.

आता आच वाढवा. हीट गन असेल तर ती हलती ठेवा आणि शेजारच्या जोडांवर ओलं फडकं टाका, नाहीतर आत्ता बसवलेली कड पुन्हा सुटेल. वरचा एक कप्पा (दोन रिबांमधली जागा) झाला की खालचा तोच कप्पा घ्या. एकाच बाजूने ताण वाढला तर पंख पिळतो, आणि पिळलेल्या पंखाचं विमान एका अंगाला झुकत राहतं. मधेमधे मागून, डोळ्याच्या रेषेत पंख बघा. पीळ दिसलाच तर उलट्या दिशेने किंचित जास्त वळवून धरा, दोन्ही बाजू शेका आणि पूर्ण निवेपर्यंत सोडू नका. दुसरं माणूस हाताशी असलेलं बरं.

बाल्साच्या पातळ फळीवर फुगे असतील तर सुईने टोचून हवा काढा, मग इस्त्री फिरवा. आत थर्माकोल असेल तर ही आच चालणार नाही, त्याला कमी तापमानाचीच फिल्म लागते.

एखादा कप्पा शेकूनही हलत नसेल तर तिथली फिल्म आकसायची संपली. तेवढाच कप्पा कापा आणि चारी बाजूंनी पाव इंच जास्तीचं, गोल कोपऱ्यांचं ठिगळ लावा.

मी साताऱ्यात असतो. इथे जूनपासून हवेत ओल असते, बाल्सा ती पितो आणि फुगतो. त्या दिवसांत ताणलेली फिल्म थंडीत लाकूड सुकल्यावर परत सैल पडते. म्हणून हे काम कोरड्या हवेत काढलेलं चांगलं. तुमच्याकडे पाऊस सुरू झाला असेल तर आत्ता फक्त कडा बसवून ठेवा, सुरकुत्या दिवाळीनंतर काढा.