होस्टेलला निघण्याआधी पॉलिसीचा कागद वाच

अरे, पुण्याला ॲडमिशन मिळाली, अभिनंदन! नवा आरोग्य विमा शोधण्याआधी तुझ्या बाबांची फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराची मिळून एकच पॉलिसी, बघ. तुझं नाव त्यात आहे का, कोणत्या वयापर्यंत? बहुतेक पॉलिसींत न कमावणाऱ्या मुलांना 25 पर्यंत धरतात. ती ऑफिसची ग्रुप पॉलिसी असेल, तर नोकरी सुटली की संरक्षणही सुटतं.

सगळ्यात नीट बघायचं ते हॉस्पिटलचं खोलीभाडं. सेकंड इयरला मी डेंग्यूने ॲडमिट झालो. विमा 3 लाखांचा, पण खोलीची मर्यादा दिवसाला 1 टक्का, म्हणजे 3,000. रात्री घाईघाईत 6,000 ची खोली घेतली. वाटलं, वरचे 3,000 आपण भरू. तसं नसतं रे! डॉक्टरांची फी, नर्सिंग, सगळं त्याच प्रमाणात निम्म्यावर आलं. औषधांचे पैसे तेवढे पूर्ण मिळाले. बाकीचे आईने उसने घेऊन पाठवले, ते आजही टोचतं. म्हणून खोली ठरवण्याआधी टीपीए डेस्कवर, म्हणजे हॉस्पिटलात विम्याचं काम बघतात तिथे, विचार.

नवी पॉलिसी घेतलीस तर पहिले 30 दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. दमा असेल तर फॉर्मवर स्पष्ट लिही. आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त 36 महिने थांबावं लागतं, पण लपवलंस तर क्लेमच नाकारू शकतात. पॉलिसी पटली नाही तर 30 दिवसांत परत करता येते. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, हप्ता विचारताना तेही बघ.

विम्याच्या ई-कार्डाचा फोटो रूममेटच्या मोबाईलवरही ठेव.