व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

तू व्यसनमुक्ती केंद्रात दाखल व्हायचे ठरवलेस हे वाचून फार बरे वाटले. तिथे नेमके काय होते, असे तू विचारले आहेस. समुपदेशक म्हणून मी जे वर्षानुवर्षे पाहत आले आहे, तेच लिहिते. शरीराचा त्रास ओसरला की अनेकांना आपण बरे झालो असे वाटू लागते आणि नेमके त्याच वेळी ते केंद्र सोडून जातात. तू तसे करू नयेस, यासाठी हे पत्र आहे.

पहिला दिवस चौकशीत आणि तपासण्यांत जाईल. तुझी बॅग तुझ्यासमोर उघडली जाईल, बुटांचे आतले तळवे उचलून पाहिले जातील, शर्टाच्या शिवणीवरून बोट फिरवले जाईल, लघवीचा नमुना घेतला जाईल आणि बहुधा फोनही काही दिवसांसाठी काढून घेतला जाईल. हे अपमानास्पद वाटते, याची मला कल्पना आहे. परंतु शेजारच्या खाटेवरचा माणूसही त्याच अवस्थेत असतो आणि एक पुडी आत आली तर दोघांचेही उपचार धोक्यात येतात.

त्याच दिवशी डॉक्टर विचारतील, काय घेतोस, किती घेतोस, कशा मार्गाने घेतोस आणि शेवटचे केव्हा घेतलेस. इथे एक अक्षरही खोटे बोलू नकोस. गर्द (हेरॉइन) घेणाऱ्याला ब्युप्रेनॉर्फिन हे गर्दाची जागा घेऊन त्रास आणि तलफ कमी करणारे औषध द्यायचे असते तेव्हा आधीच्या नशेचा अंमल बराचसा उतरलेला असावा लागतो. तू वेळ चुकीची सांगितलीस आणि गोळी लवकर दिली गेली, तर हळूहळू येणारी टर्की, म्हणजे नशा थांबल्यावर शरीराला होणारा त्रास, एकदम अंगावर येते. दारू किंवा झोपेच्या गोळ्याही चालू असतील, तर ते लपवणे त्याहून धोक्याचे आहे. नियमित आणि भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक थांबवली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन भलतेच दिसू-ऐकू येऊ शकते आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर प्राणावरही बेतू शकते. झोपेच्या गोळ्या अचानक थांबवल्यावरही असेच होऊ शकते, म्हणूनच त्या एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने कमी करतात.

गर्दाच्या टर्कीला तू सर्वांत जास्त घाबरतोस, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. शेवटच्या नशेनंतर साधारण आठ ते चोवीस तासांत जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, हाडे ठणकणे, पोटात पिळवटणे, उलट्या-जुलाब आणि पायांची विलक्षण तळमळ सुरू होते. दुसरा-तिसरा दिवस सर्वांत वाईट असतो आणि आठवड्याभरात बहुतेक त्रास मावळतो. औषधांनी तो पुष्कळ सुसह्य होतो, म्हणून दात-ओठ खाऊन सहन करण्यात काही मर्दुमकी आहे असे समजू नकोस; जे होते ते नर्सना सांग आणि शरीरातले पाणी कमी होऊ देऊ नकोस. झोप मात्र सर्वांत उशिरा परत येते. कित्येक आठवडे ती तुटक राहील, आणि मध्यरात्री जागे पडून मनाशी केलेले हिशेब सकाळी खरे वाटले तरी त्यांवर कोणताही निर्णय घेऊ नकोस. उत्तेजक पदार्थांची सवय असलेल्यांना असा शारीरिक त्रास कमी होतो, पण त्यांचे मन फार खोल खचते. जीव द्यावासा वाटला, तर पाहणीची वेळ होण्याची वाट न पाहता जो कर्मचारी समोर दिसेल त्याला तत्काळ सांगायचे, हा नियम तूही पाळ.

त्यानंतरचे दिवस तुला कंटाळवाणे वाटतील. ठरलेल्या वेळी उठणे, व्यायाम, औषधे, गटसभा, कामाची वाटणी, समुपदेशन, जेवण, पुन्हा गटसभा. ज्याचा सारा दिवस माल मिळवणे, घेणे आणि लपवणे यांतच गेला, त्याला साधा दिवस कसा काढायचा हे नव्याने शिकावे लागते. तलफ चढते, टोकाला जाते आणि काही न घेताही उतरते, हे तिथे पुस्तकातून शिकवतात. पण पटते ते स्वतःच्या अंगावर अनुभवल्यावरच.

गटसभेत सुरुवातीला तुला बोलावेसे वाटणार नाही. हरकत नाही, ऐकत बस. एका सभेत एका मुलाने एवढेच सांगितले होते, की बहिणीच्या फीचे पैसे त्यानेच उचलले होते आणि ती कपाट उपसत रडत होती तेव्हा तोही तिच्याबरोबर शोधायला लागला होता. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग समोरचे एक वयस्क गृहस्थ खाली पाहत म्हणाले, ‘‘मी बायकोच्या औषधांचे उचलले होते.’’ त्या सकाळनंतर त्या दोघांनीही सभा चुकवल्याचे मला आठवत नाही. माझ्या मते केंद्रातला सर्वांत मोलाचा उपचार हाच आहे, आणि तो एकट्याने घरी बसून घेता येत नाही.

साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात भूक लागते, चेहऱ्यावर तेज येते आणि ‘आता मला काही गरज नाही’ हे वाक्य जिभेवर येते. याच टप्प्याला मी सर्वांत जास्त घाबरते. पुष्कळ ठिकाणी २८ दिवसांचा कार्यक्रम असतो, तो पूर्ण करच; मात्र तेवढ्यावर काम संपत नाही. एकूण उपचार, म्हणजे घरी गेल्यानंतरच्या भेटी धरून, ९० दिवसांपेक्षा कमी असतील तर त्यांचा परिणाम मर्यादित राहतो, असे व्यसनांवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतील राष्ट्रीय संस्थेचे (NIDA) मार्गदर्शन आहे.

आता जे लिहिते ते दोनदा वाच. काही आठवडे नशेपासून दूर राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वी तू सहज पचवत होतास तेवढीच मात्रा आता तुझा श्वास थांबवू शकते. केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच जिवाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असतात. नॅलॉक्सोन हे औषध वेळेवर दिले तर अशा वेळी श्वास परत आणू शकते. ते कसे मिळेल आणि कसे वापरायचे, हे घरच्यांना तिथेच शिकून घ्यायला सांग. डॉक्टरांनी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन दीर्घकाळ चालू ठेवायला सांगितले, तर ‘एक नशा सोडून दुसरी धरली’ असे म्हणणाऱ्यांचे ऐकू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली आहेत, आणि ती घेत कामधंदा, संसार नीट सांभाळणारी माणसे मी पाहिली आहेत.

केंद्राविषयीही थोडे परखड लिहिते. मारहाण, साखळीने बांधणे, उपाशी ठेवणे यांना उपचार म्हणत नाहीत, आणि तिथे असे काही आढळले तर ते सहन करू नकोस. रात्री-अपरात्री डॉक्टर उपलब्ध असतो का आणि तक्रार कोणाकडे करायची, हे दाखल होण्याआधीच विचारून घे.

घरच्यांबरोबरच्या बैठकीत तुला गळाभेटीची अपेक्षा असेल, पण आधी राग निघेल. तो निघू दे. चार आठवड्यांच्या चांगल्या वागण्याने कित्येक वर्षांचा अविश्वास जात नाही, आणि त्यांनी पैसे हाती दिले नाहीत म्हणून चिडून पुन्हा जुन्या मित्रांकडे जाणे, ही फार नेहमीची वाट आहे.

निघण्याच्या दिवशी पुढच्या भेटीची तारीख, वेळ आणि फोन क्रमांक हाती असल्याशिवाय बाहेर पडू नकोस. नंतर कधी घसरलास, तर आता सगळेच संपले असे समजून आठवडाभर तोंड लपवू नकोस. त्याच दिवशी केंद्रात फोन कर आणि काय घेतले, किती घेतले, हे पहिल्या दिवसाइतकेच खरे सांग.

तुझी,
एक समुपदेशक