पेशीचा कोनाडा

एका अनुवादक मैत्रिणीचा प्रश्न: रोगजंतूंना रोखणारी प्रतिपिंडे बनवणाऱ्या काही प्लाझ्मा पेशी अस्थिमज्जेत वर्षानुवर्षे टिकतात. त्या जागेला इंग्रजीत 'निश' म्हणतात. मराठीत 'आश्रयस्थान' चालेल का? आणि त्या पेशींना 'चिरंजीवी' म्हणावं का?

'चिरंजीवी' नको. एकीकडे अश्वत्थामा, दुसरीकडे लग्नपत्रिकेतला चि., मध्ये पेशी बिचारी अवघडून बसेल. 'दीर्घजीवी' पुरे, आणि तेवढं आयुष्य त्यांना आहेच. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर १८४६ मध्ये गोवराची साथ आली, तेव्हा पानुम या डॅनिश डॉक्टरने नोंदवलं, की १७८१ च्या साथीत गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. आता रक्तातली बहुतेक प्रतिपिंडं तीनेक आठवड्यांत निम्मी होतात. म्हणजे ती सतत बनवणारं कुणीतरी आत बसलेलं हवं. त्याच या पेशी.

'आश्रयस्थान' मला पटत नाही. त्यात आत शिरलं, कडी लावली, झालं असा भाव येतो. ही पेशी तर बाहेर काढून नुसत्या पोषकद्रवात ठेवली की काही दिवसांतच मरते. अस्थिमज्जेतल्या आधारपेशी सीएक्ससीएल१२ हा रेणू सोडून तिला ओढून घेतात. शेजारणी 'एप्रिल' नावाचं प्रथिन पुरवतात (महिन्याशी संबंध नाही, आद्याक्षरं जुळली इतकंच). ते तिच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला (बाहेरचा संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटलं, की आत्मनाशाला आवर घालणारं एमसीएल-१ हे प्रथिन आत टिकून राहतं. पुरवठा थांबला, की पेशी संपली.

जुन्या घराच्या भिंतीतला कोनाडा आठवा. त्यात पणती वाऱ्यापासून वाचते, पण तेल कुणीतरी घालत राहावं लागतं. शिवाय कोनाडे मोजकेच. भिंतीतल्या 'निश'लाही आपण कोनाडाच म्हणतो, तेव्हा नवा शब्द घडवायची गरजच नाही. 'देवळी'चाही विचार केला, पण तिथे देव आधी आठवतो.

तेव्हा लिहा: 'दीर्घजीवी प्लाझ्मा पेशी अस्थिमज्जेतल्या कोनाड्यांत टिकतात.' फक्त 'अस्थि' गाळू नका. आयुर्वेदातली मज्जा हाडातलीच, पण मज्जासंस्था, मज्जारज्जू या शब्दांनी ती केव्हाच मेंदूकडे नेली आहे.