विसाव्या दिवशी पाठवलेली तीन पुस्तकं

जुलैचा दुसरा आठवडा होता, रत्नागिरीत पाऊस नुसता कोसळत होता, आणि दारात एक बाई उभ्या, एका हातात गळकी छत्री आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत एकात एक गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरलेलं. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली पण पिशवी अगदी कोरडी. बसल्या, पिशवी टेबलावर ठेवली आणि पहिलंच वाक्य, "मॅडम, मी लोकांना पुस्तकं देणं बंद करू का आता?"

मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडांनी बऱ्याचदा येतो. कुणाला दुःख झालंय, आपल्याला एखाद्या पुस्तकाने कधीतरी सावरलंय, म्हणून आपण ते प्रेमाने पुढे करतो आणि समोरचा माणूस दुखावतो किंवा गप्प होतो, मग वाटतं आपलं काय चुकलं. म्हणून ही गोष्ट लिहितेय, बाईंना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

बाई म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या, जयगडच्या बाजूच्या एका गावातल्या. गावात सगळे त्यांना बाईच म्हणतात म्हणून मी पण तेच म्हणते. घरात एक लोखंडी कपाट आणि दोन ट्रंका भरून पुस्तकं, पावसाळ्यात बुरशी आणि कसर लागू नये म्हणून पानांत कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेला, त्यामुळे त्यांचं प्रत्येक पुस्तक उघडलं की थोडा कडू वास येतो. गावात कुणाला टेन्शन आलं की बाई पुस्तक देणार. व्हॉट्सॲपवर बायकांचा एक ग्रुप आहे, त्यात दर रविवारी एका पुस्तकाबद्दल लिहिणार, बहुतेक संतचरित्रं, प्रवचनं, कुणाच्या जिद्दीची गोष्ट असलं. आणि खरंच त्याचा उपयोग झालेली माणसं आहेत गावात, ते मी मागाहून ऐकलंय.

जून लागला आणि त्यांच्या धाकट्या जावेचा मुलगा गेला. तेवीस वर्षांचा, लोट्याला कंपनीत कामाला होता, बाईकवरून घरी येताना हायवेला अपघात झाला. बाईंनी बाराव्यापर्यंत सगळं केलं, स्वयंपाक, पाहुणे, सगळं, आणि विसाव्या दिवशी जावेला तीन पुस्तकं पाठवली. हातात नाही दिली, शेजारच्या पोराबरोबर पाठवली. चौथ्या दिवशी ती त्याच पोराबरोबर परत आली. बाई विचारायला गेल्या तर जाऊ चुलीपुढे बसलेली, मागे वळून न बघता म्हणाली, "ताई, तुमच्या पुस्तकात लिवलंय जे होतं ते चांगल्यासाठीच होतं. मग सांगा मला, ह्यात चांगलं काय झालं?"

बाई मला हे सांगताना रडल्या नाहीत, त्यांचे हात मात्र थरथरत होते. म्हणाल्या, "मी तिला दुखवायला दिली नव्हती हो. आणि आता ती देवाला दिवा पण लावत नाय. माझ्यामुळं तिची श्रद्धा उडाली का?"

मी पिशवी उघडून पुस्तकं बघितली. व्यवस्थित खाकी कव्हर घातलेली, आणि आत लाल पेनाने वाक्यांखाली रेघा मारलेल्या, समासात बरोबरची खूण, एके ठिकाणी तर "हे दोनदा वाच" असं लिहिलेलं. चाळीस वर्षं वह्या तपासलेला हात तो, त्याला दुसरं वळण कुठून असणार. पण मी ते पान त्यांच्याकडे फिरवलं आणि विचारलं की बाई, हे तिच्या डोळ्यांनी बघा, काय दिसतं? बराच वेळ बघून म्हणाल्या, "पेपर तपासल्यासारखं दिसतंय."

मग मी त्यांना विचारलं की तुमचे मिस्टर जाऊन किती वर्षं झाली. आठ. त्यानंतर तुम्ही पहिलं पुस्तक कधी हातात घेतलं? त्यांनी लगेच एका संतचरित्राचं नाव घेतलं, त्याने मला उभं केलं म्हणाल्या. मी म्हटलं, ते कधी वाचलंत, महिना आठवतो का? आणि इथे त्या थांबल्या. बोटांवर मोजत बसल्या. वर्षश्राद्ध झालं होतं, मग होळी झाली, म्हणजे चौदा महिने तरी होऊन गेले होते. मग पहिल्या वर्षात काय वाचलंत? "काय नाय. पेपर उघडायचे पण ओळ लक्षातच राहायची नाय, तीच ओळ परत परत." मग बरं कशाने वाटायचं? तर म्हणाल्या शेजारच्या काकी संध्याकाळी यायच्या, पाठीवर हात फिरवायच्या आणि मग माझी भाजी निवडत बसायच्या, काही बोलायच्या नाहीत, दिवेलागण झाली की हरिपाठ म्हणायच्या आणि घरी जायच्या.

हे सांगून झाल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या, "मी हे विसरलेच होते."

हे विसरणं फार स्वाभाविक आहे, मी कुणाला दोष देत नाही. आपल्याला सावरणारं पुस्तक लक्षात राहतं, त्याच्या आधीचे ते मुके महिने लक्षात राहत नाहीत. ताज्या दुःखात झोप उडालेली असते, भूक मेलेली असते, लक्ष दोन मिनिटं टिकत नाही, तिथे दोनशे पानं कशी वाचणार? आणि विसाव्या दिवशी देवाला दिवा न लावणं म्हणजे श्रद्धा उडाली असं मुळीच नाही. देवावर रुसलेली असते ती, आणि रुसवा आपल्या माणसावरच असतो ना. आमच्या क्षेत्रात सुद्धा वियोगाचं दुःख लांबलं म्हणजे आजार म्हणायचा का हे ठरवायला घाई करत नाहीत, जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी कमीत कमी ६ महिने तरी जाऊ द्यावे लागतात. विसावा दिवस म्हणजे काहीच नाही. फक्त एक सांगून ठेवते, बाईंनाही सांगितलं, की ती खायचं-प्यायचं पूर्ण सोडायला लागली, मला पण जायचंय असं बोलायला लागली तर तेव्हा पुस्तक नाही, नुसती सोबत पण पुरेशी नाही, सरळ डॉक्टर. टेलिमानस म्हणून सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, १४४१६, कधीही फोन लावा, मराठीत बोलता येतं.

आता पुस्तकांबद्दल. बाईंचा प्रश्न होता की देणं बंद करू का, आणि मी म्हटलं अजिबात नको, पण आपण काय देतोय ते बघू. त्या तिन्ही पुस्तकांमधला माणूस शेवटी शांत झालेला होता, उत्तर मिळालेला होता. जावेला अजून प्रश्न सुद्धा नीट विचारून झाला नव्हता. आणि आपल्या संतांनी तर किती विचारलेत! तुकोबांचं बघा, १६३० च्या आसपासचा तो भयंकर दुष्काळ, त्यात बायको गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं, दिवाळं निघालं, आणि गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत त्यातले कितीतरी अभंग म्हणजे विठ्ठलाशी सरळ सरळ भांडण आहे. जनाबाई तर विठ्ठलाला शिव्या घालते. कुणी त्यांना नास्तिक म्हटलं नाही. आपण मात्र दुःखातल्या माणसाला गाथा देतो तेव्हा नेमके भांडणाचे अभंग सोडून समाधानाचे काढून देतो.

हे सगळ्या धर्मांत आहे. माझ्याकडे आलेल्या एका ख्रिस्ती ताईंना बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाने आधार दिला, कारण सगळं गमावलेला तो माणूस अध्यायच्या अध्याय देवाला जाब विचारतो आणि त्याचे मित्र त्याला शहाणपण शिकवत बसतात, आणि शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. खाडीपलीकडच्या एका मुस्लिम चाचांनी तेच नाव मला हजरत अय्यूब म्हणून सांगितलं, सब्र म्हणजे गप्प बसणं नव्हे म्हणाले, आपलं दुखणं अल्लाकडेच मांडायचं. मला तर वाटतं धार्मिक पुस्तक सुचवणाऱ्या प्रत्येकाने ईयोबाच्या त्या मित्रांचं एकदा वाचावं. पहिले सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते, एक शब्द बोलले नाहीत, आणि तेवढंच त्यांचं बरोबर होतं.

प्रेरणादायी म्हणून जी पुस्तकं फिरतात त्यांचंही तसंच. व्हिक्टर फ्रँकल यांचं 'मॅन्स सर्च फॉर मीनिंग' लोक सरसकट पॉझिटिव्ह थिंकिंगचं पुस्तक म्हणून देतात. ते व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ, नाझी छळछावण्यांत त्यांचे आईवडील गेले, भाऊ गेला, बायको गेली, आणि १९४६ साली त्यांनी ते पुस्तक काढलं. स्वतःच्या दुःखाबद्दल लिहिलंय त्यांनी. अर्थ ज्याचा त्याला सापडावा लागतो, तो दुसऱ्याने द्यायची वस्तू नाही, असं ते सांगतात, आणि आपण मात्र पुस्तक हातात ठेवून म्हणतो घे, अर्थ. बारावीत कमी मार्क पडलेल्या एका मुलाच्या उशाशी त्याच्या आईने यशस्वी माणसांची सात-आठ चरित्रं लावून ठेवली होती, तो मला म्हणाला, "मॅडम, रात्री लाईट बंद केल्यावर पण ती माझ्याकडे बघतायत असं वाटतं."

बाईंनी विचारलं, मग देताना काय बोलायचं? मी म्हटलं, "वाच, बरं वाटेल" हे नका म्हणू, कारण नाही वाटलं बरं तर तो तिला स्वतःचा दोष वाटतो. तुमचं सांगा. मला या पानावर रडू आलं, मला हे अर्धंच झेपलं, असं काहीतरी. आणि वाचलंस का म्हणून परत विचारायचं नाही, कध्धी नाही. आणि मुख्य म्हणजे पोराबरोबर पाठवायचं नाही. आपल्याकडे पोथी ही एकट्याने कोपऱ्यात बसून वाचायची गोष्ट नव्हतीच हो, श्रावणात एकजण वाचतोय आणि चारजणी वाती वळत ऐकतायत, अशीच होती. विनोबांची 'गीता प्रवचने' घ्या, १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी ते बोलले आणि साने गुरुजींनी लिहून घेतलं, बोलणारा गागोद्याचा, लिहिणारा पालगडचा, दोघेही आपल्या कोकणातलेच. ते पुस्तक आधी माणसांनी एकत्र बसून ऐकलंय, तुरुंगात, जिथे प्रत्येकाच्या मागे घरी काहीतरी मोडलेलं होतं.

बाई ती पुस्तकं परत पिशवीत भरून गेल्या.

नंतरचं मला त्यांनी फोनवर थोडं थोडं सांगितलं आणि बरंचसं ऑक्टोबरमध्ये येऊन सांगितलं. त्या रोज दुपारी जावेकडे जायला लागल्या, रिकाम्या हाताने. जाऊ फणसाच्या आठळ्या सोलत बसलेली असायची, त्या पण बसायच्या. पहिले दहा-बारा दिवस ती एक शब्द बोलली नाही. मग एक दिवस आठळी सोलता सोलता म्हणाली, याला भाजीतल्या आठळ्या आवडायच्या, वेचून खायचा. बाईंना तोंडात आलं होतं की देवाला पण आवडला म्हणून नेला, जे सगळे म्हणतात, ते त्यांनी गिळलं आणि नुसतं म्हणाल्या, "व्हय गो, माझ्या ताटातल्या पण उचलायचा." आणि दोघी रडल्या. दीड महिन्यात पहिल्यांदा एकत्र.

गणपतीत घरात मूर्ती आली पण नेहमीसारखं काही केलं नाही, डेकोरेशन नाही, भजनाची बारी नाही. रात्री वाडीतल्या दुसऱ्या घरांतून आरत्यांचा आवाज येत होता तेव्हा जाऊ मागल्या पडवीत जाऊन बसली, बाई तिच्यामागे गेल्या. जाऊ म्हणाली, "मला राग येतो त्याचा. पाप लागेल ना मला?" तेव्हा बाईंनी तिला पहिल्यांदा तुकोबांचं सांगितलं. पुस्तक नाही दिलं, सांगितलं फक्त, की दुष्काळात त्यांची बायको गेली, पोर गेलं, आणि ते पण असेच भांडले होते. जाऊ बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "तुकोबा? भांडले?"

तिसऱ्या दिवशी तिनेच सांगितलं, ते भांडणाचं आणा. बाईंनी ट्रंकेतून जुनी गाथा काढली, कडुनिंबाचा पाला झटकला, आणि या वेळी एकही रेघ मारली नाही. दोन अभंग वाचून दाखवले तर जाऊ म्हणाली बास आज. दुसऱ्या दिवशी एकच. कधी चार दिवस काहीच नाही. दिवा ती अजून लावत नाही, बाई त्याबद्दल विचारत पण नाहीत.

ऑक्टोबरला आल्या तेव्हा हे सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, गाथा कुठाय आता? बाई पुस्तकांना जिवापाड जपणाऱ्या, ओल्या हाताने कुणी पान उलटलं तरी त्यांच्या जिवावर यायचं. म्हणाल्या, तिच्याकडेच आहे, तांदळाच्या डब्यावर ठेवलीय, कव्हरला हळदीचे हात लागलेत, मधल्या एका पानावर तेलाचा एवढा मोठा डाग पडलाय, आणि कुठल्या अभंगाचं पान ते मी बघितलं नाही.